ई. कोलाय म्हणजे नेमके कोण?

लघवीच्या कल्चर रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ एवढेच लिहिलेले असते. डॉक्टर त्यावरून नजर फिरवतात आणि खालच्या तक्त्याकडे वळतात. कोणते प्रतिजैविक चालेल आणि कोणते नाही, हे त्यांना हवे असते. नावाबद्दल त्यांना शंका येत नाही. पण असे लाखभर रिपोर्ट एकत्र केले आणि ‘या जिल्ह्यात हा जिवाणू गेल्या पाच वर्षांत किती औषधांना दाद देईनासा झाला’ असे संगणकाला विचारले, की तेच नाव वाट अडवते. एका प्रयोगशाळेने ‘ई. कोलाय’ लिहिलेले असते, दुसरीने ‘एश्चेरिशिया कोलाय’ असे पूर्ण नाव दिलेले असते. तिसरीने टिंब गाळलेले असते, चौथीचे स्पेलिंग चुकलेले असते आणि पाचवीने स्वतःपुरती ठरवलेली तीन अक्षरी खूण वापरलेली असते. माणसाला यात एकच जीव दिसतो, संगणकाला पाच दिसतात.

हे काम कारकुनी समजून बाजूला सारले जाते. मला मात्र ते जीवशास्त्रातल्या एका जुन्या प्रश्नाचे आजचे रूप वाटते. दोन गोष्टी एकच आहेत हे कशावरून ठरवायचे? त्या किती सारख्या आहेत ते मोजून, हे सहज सुचणारे उत्तर. विज्ञानाने या उत्तराचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, ते अधिकाधिक काटेकोर केले आणि ते कुठे तोकडे पडते हेही हळूहळू ओळखले.

सुरुवातीला मोजण्यासारखे काही नव्हतेच. लेव्हेनहूकने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांची खबर दिली. त्यानंतर जवळपास शतकभराने, सजीवांना प्रजाती आणि जाती अशी दुहेरी नावे देणाऱ्या लिनियसने या जीवांना ‘केऑस’ नावाच्या एकाच प्रजातीत जागा दिली. फर्डिनांड कोनने १८७२ मध्ये जिवाणूंची आकारावरून पद्धतशीर विभागणी केली: गोल, दांडीसारखे, वळणदार. पुढच्या शंभर वर्षांत नावांचे रान माजले. एकाच जिवाणूला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावे, तर कुठे एकाच नावाखाली वेगवेगळे जिवाणू. शेवटी जिवाणूशास्त्रज्ञांनी एक धाडसी निर्णय घेतला. १ जानेवारी १९८० हा जिवाणूंच्या नावांचा नवा आरंभदिन मानला गेला. साठलेल्या हजारो नावांतून सुमारे अडीच हजार नावांची मान्यताप्राप्त यादी प्रसिद्ध झाली आणि यादीबाहेरच्या नावांचा अधिकृत दर्जा संपला. वनस्पतिशास्त्राला किंवा प्राणिशास्त्राला आपला भूतकाळ असा एका तारखेने मागे टाकणे जमलेले नाही.

या यादीच्या तीन संपादकांपैकी एक होते पीटर स्नीथ, आणि आपल्या विषयाचा धागा त्यांच्यापासूनच नीट पकडता येतो. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या स्नीथ यांनी १९५७ साली जिवाणूंच्या वर्गीकरणासाठी संगणक वापरला. एखादा जिवाणू अमुक साखर आंबवतो का, हालचाल करतो का, कोणत्या तापमानाला वाढतो, अशा शक्य तितक्या गुणधर्मांची नोंद करायची आणि दोन जिवाणूंत किती गुणधर्म जुळतात ते मोजायचे. यात त्यांनी एक अट कटाक्षाने पाळली: प्रत्येक गुणधर्माला सारखेच वजन. हा गुण महत्त्वाचा आणि तो किरकोळ, असे आधीच ठरवणारा अभ्यासक आपला पूर्वग्रहच वर्गीकरणात घालतो, असे त्यांचे म्हणणे होते. रॉबर्ट सोकाल यांच्यासोबत १९६३ मध्ये त्यांनी या पद्धतीवर ग्रंथच लिहिला. त्या काळाच्या मानाने हा विचार ताजा आणि प्रामाणिक होता. व्यक्तीच्या मर्जीवर चालणाऱ्या कामाला त्याने आकड्यांची शिस्त लावली.

या शिस्तीची मर्यादा पुढे प्लेगच्या जिवाणूने दाखवून दिली. यर्सिनिया पेस्टिस हा तो जिवाणू. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात त्याने काय केले ते महाराष्ट्राला सांगायला नको. परळची हाफकिन संस्था त्याच साथीतून उभी राहिली. या जिवाणूचा एक सख्खा भाऊबंद आहे, यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. त्याने होणारा आजार सहसा पोटाचा आणि बहुतेकदा आपोआप बरा होणारा. डीएनए ताडून पाहिले तेव्हा दोघे इतके जवळचे निघाले की प्लेगचा जिवाणू ही स्वतंत्र जाती न मानता दुसऱ्याची उपजाती मानावी, असा प्रस्ताव १९८० च्या सुमारास आला. साम्याच्या कसोटीवर त्यात चूक नव्हती. तरीही नामकरणाचे वाद निवारणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने १९८५ साली ते नवे नाव फेटाळले आणि यर्सिनिया पेस्टिस हेच नाव कायम ठेवले. कारण सार्वजनिक आरोग्याचे होते. लांबलचक नावाचा शेवटचा शब्द गळला किंवा कोणी वाचलाच नाही, तर प्लेगचा नमुना साध्या पोटदुखीचा म्हणून हाताळला जाईल. नऊच वर्षांनी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण सापडले आणि पाठोपाठ सुरत हादरले. त्या दिवसांत प्रयोगशाळेच्या कागदावर ‘पेस्टिस’ हा शब्द ठळक असणे किती मोलाचे होते, याची कल्पना करता येते.

मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. वर्गीकरण साम्यावर ठरेल, पण रोजच्या वापरातले नाव ठरवताना चुकीची किंमत कोण मोजणार हेही पाहावे लागेल, हे त्याने मान्य केले. नावे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला हीच गोष्ट स्वतंत्रपणे, दुसऱ्या वाटेने शिकावी लागली.

त्याच सुमारास प्रयोगशाळांत संगणक येऊ लागले होते. बॉस्टनमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या ‘हूनेट’ या सॉफ्टवेअरने प्रत्येक जिवाणूला छोटी खूण दिली: ई. कोलायला ‘ईसीओ’, स्टॅफिलोकोकस ऑरियसला ‘एसएयू’. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने ते अनेक देशांत पोहोचले, भारतातल्या प्रयोगशाळांतही वापरले जाते. खूण ठरलेली असेल आणि सगळे तीच वापरत असतील तर प्रश्नच मिटतो. पण तसे होत नाही. रात्रपाळीचा तंत्रज्ञ घाईत असतो, रुग्णालयाची स्वतःची संगणकप्रणाली वेगळी असते आणि जुन्या नोंदी कोणत्याच खुणेत नसतात. मोकळ्या रकान्यात माणूस मोकळेपणानेच लिहितो.

मोकळ्या लिखाणातल्या चुकांचाही अभ्यास झालेला होता. फ्रेडरिक डॅमेराव यांनी १९६४ मध्ये दाखवले की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. सुडोमोनास या जिवाणूच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’ आणि ‘यू’ उलटसुलट झालेले ज्याने पाहिले आहे, त्याला हा चौथा प्रकार चांगलाच परिचित असेल. पुढच्याच वर्षी रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधले अंतर मोजण्याची रीत मांडली: एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढे अंतर. इथेही प्रत्येक अक्षराला सारखेच वजन आहे. स्नीथ यांनी गुणधर्मांना जी अट घातली, तीच इथे अक्षरांना लागू झाली.

आता ‘ई. कोलाय’ या मापाने मोजून पाहू. रोमन लिपीत ते टिंब आणि मोकळ्या जागेसह सात खुणांचे आहे. एश्चेरिशिया कोलायपर्यंत पोहोचायला दहा बदल लागतात. पण याच आद्याक्षराचा आणि याच जातीनामाचा दुसरा एक जीव माणसाच्या आतड्यात राहतो: एंटामिबा कोलाय, सहसा काहीच त्रास न देणारा अमीबा. त्याच्यापर्यंत आठच बदलांत पोहोचता येते. म्हणजे नुसत्या अक्षरांवर निकाल सोडला, तर लघवीच्या संसर्गाचा सर्वांत नेहमीचा जिवाणू संगणक अमीबा म्हणून नोंदवेल, आणि तेही गणितात कुठलीही चूक न करता.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात मथाइस बेरेंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर’ या संगणकीय भाषेसाठी ‘एएमआर’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले. २०१८ पासून ते सर्वांना उपलब्ध आहे. पन्नास हजारांहून अधिक सूक्ष्मजीवांच्या जाती त्याला ठाऊक आहेत. या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा मला समजायला सोपा आणि विचाराने खोल वाटतो. नावाच्या लांबीतून बदलांची निम्मी संख्या वजा करून लांबीने भागायचे, म्हणजे अक्षरांचे साम्य मिळते. एश्चेरिशियासाठी ते ०.६८८ येते आणि एंटामिबासाठी ०.७१४. इथवर अमीबाच पुढे आहे. मग या साम्याला आणखी दोन आकड्यांनी भागायचे. हा जीव माणसात रोग घडवणारा म्हणून कितपत प्रस्थापित आहे, याचा एक आकडा. तो जिवाणू आहे, बुरशी आहे की आदिजीव, याचा दुसरा. एश्चेरिशियाचे दोन्ही आकडे एक असल्याने तिचे ०.६८८ जसेच्या तसे राहते. एंटामिबा ०.१५९ वर घसरते. दवाखान्यातले कोणीही ज्या उत्तराची अपेक्षा करेल ते उत्तर येते, आणि ते का आले हे कागदावर मांडून दाखवता येते.

स्नीथ यांनी जे वर्ज्य मानले होते, ते असमान वजन इथे विचारपूर्वक परत आले आहे. स्नीथ चुकले होते असे मी म्हणणार नाही. निसर्गात कोण कोणाच्या जवळचा, हा त्यांचा प्रश्न होता. ‘या माणसाने घाईत जे लिहिले त्यातून त्याला काय म्हणायचे होते’ हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर लिहिणाऱ्याच्या जगात शोधावे लागते, आणि त्या जगात सगळे जीव सारख्या शक्यतेचे नसतात.

इथे एक धोका आहे, आणि आपल्यासाठी तो विशेष आहे. हे वजन कुणाच्या तरी अनुभवातून येते. उत्तर युरोपात जे क्वचित दिसते, ते नाशिकला किंवा मडगावला तितके क्वचित असेलच असे नाही. विषमज्वराचा जिवाणू तिथे परदेशवारीहून परतलेल्यांत सापडतो. आपल्याकडे तो शेजारच्या घरात असतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर आढळणाऱ्या मेलिऑयडोसिस या आजाराचा जिवाणू कमी सोयींच्या प्रयोगशाळेत सुडोमोनास समजला जातो, हे सूक्ष्मजीवतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. असे नाव मुळातच चुकीचे नोंदले गेले, तर जुळवणी कितीही हुशार असो, ती चूक तिला दिसणार नाही. त्यामुळे या सॉफ्टवेअरमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय वेगळीच आहे. जिथे त्याने अंदाज केला तिथे ते तसे सांगते, गुण किती पडले आणि दुसरे कोणते पर्याय होते ते मागितल्यावर दाखवते. प्रयोगशाळेला स्वतःच्या खुणांची यादीही त्याला पुरवता येते. नुसते ‘स्टॅफ’ लिहिलेले असेल, तर ते प्रजातीपाशीच थांबते. जेवढे लिहिले आहे तेवढेच ठामपणे म्हणायचे, हा संयम माणसांनाही नेहमी जमत नाही.

नावे मात्र जागची हलत राहतात. २०१७ मध्ये एंटरोबॅक्टर एरोजेनिस हा जिवाणू जनुकीय पुराव्यावरून क्लेब्सिएला प्रजातीत गेला. ज्या रुग्णालयाच्या नोंदी दहा वर्षांच्या आहेत, तिथे त्या वर्षानंतर एक जिवाणू नाहीसा झालेला आणि दुसऱ्या प्रजातीची संख्या वाढलेली दिसेल. वॉर्डात मात्र काहीच बदललेले नसेल. शिवाय ‘एंटरोबॅक्टर’ वाचले की सेफ्ट्रायॅक्सोनसारखे औषध सुरुवातीला चालले तरी उपचाराच्या मध्येच निकामी ठरू शकते, हे डॉक्टर ओळखून असत. जिवाणूचा तो स्वभाव कायम आहे, पण ‘क्लेब्सिएला’ या नावातून तो इशारा मिळत नाही. याउलट, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे २०१६ मध्ये पुनर्नामकरण करताना ‘क्लॉस्ट्रिडिऑयडिस’ असे नाव मुद्दाम निवडले गेले. रुग्णालयांत रुळलेले ‘सी. डिफ’ त्यामुळे टिकले.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. हैदराबादहून सोडलेल्या बलूनने उंच वातावरणातून आणलेल्या हवेच्या नमुन्यांत सापडलेल्या एका जिवाणूला २००९ साली आर्यभटांचे नाव मिळाले: बॅसिलस आर्यभट्टाय. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा वाटा होता. २०२० मध्ये त्याची प्रजाती बदलली आणि तो प्रीस्टिया आर्यभट्टाय झाला. पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने आज जुन्या नावाने शोध घेतला, तर नंतरचे संशोधन त्याच्या हाती लागेलच असे नाही.

म्हणून ज्या प्रयोगशाळा आता आपल्या नोंदी संगणकावर नेत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तंत्रज्ञाने जे लिहिले ते एका रकान्यात जसेच्या तसे जपा, स्पेलिंगच्या चुकीसकट. जुळवलेले नाव शेजारच्या रकान्यात ठेवा आणि ते कोणत्या वर्षाच्या नामयादीवरून जुळवले ते लिहा. जिथे अंदाज झाला असेल तिथे आपल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञाला एकदा नजर टाकू द्या. मूळ नोंद शाबूत असेल तर उद्या नाव पुन्हा बदलले तरी जुळवणी पुन्हा करता येते. ती पुसून टाकली, तर दहा वर्षांपूर्वीच्या रुग्णाला नेमके काय झाले होते हे कोणालाच सांगता येणार नाही.