ओळख पटली, पुढे?

लहानपणी उमेळ्यात कुणीही अडवून विचारायचं, "कोणाचा रे तू?" आजोबांचं नाव सांगितलं की चौकशी संपली. मी स्वतः कसा आहे, हे कुणी विचारत नसे.

आता नोकरीत मी हाच प्रश्न फायलींना विचारतो. कुठल्याही ॲपमध्ये इतरांनी लिहिलेल्या कितीतरी लायब्ररी असतात. प्रत्येक फाईल उघडून वाचणं शक्य नसतं, म्हणून तिचा हॅश काढायचा. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाईलचा ६४ अक्षरांचा ठसा बनवते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा. नुसतं नाव बदललं तर ठसा तोच. अमेरिकेतली एनआयएसटी ही संस्था माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या अशा ठशांचा मोठा संग्रह ठेवते. जप्त केलेल्या कॉम्प्युटरवरच्या जुळणाऱ्या फायली बाजूला काढल्या की तपास करणाऱ्याला उरलेल्याच बघाव्या लागतात. पण त्या संग्रहात हॅकिंगची साधनंही आहेत. 'माहीत असलेली' म्हणजे 'चांगली' नव्हे.

मार्च २०२४मध्ये हे जगाला कळलं. एक्सझेड ही लिनक्समध्ये सगळीकडे वापरली जाणारी लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. तो बसवला होता दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावलेल्या देखभाल करणाऱ्यानेच. हॅश अधिकृत फाईलशी तंतोतंत जुळत होता, कारण अधिकृत फाईलच बिघडलेली होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो खोदत गेला, म्हणून हे उघडकीला आलं.

आता माझी गोष्ट. एकदा एक फाईल कशाशीच जुळेना. मी अहवालात लाल शेरा मारला: 'अज्ञात'. ती टाकली होती कंत्राटावर नुकत्याच आलेल्या एका मुलाने. दोन दिवस सगळे त्याच्याकडे संशयाने बघत होते. तिसऱ्या दिवशी मी फाईल उघडली. त्याने मूळ लायब्ररीतली एक चूक दुरुस्त केली होती, आणि वर तसं स्पष्ट लिहिलंही होतं. मी वाचलंच नव्हतं.

दोष हॅशचा नाही. 'ही तीच फाईल आहे का?' या एकाच प्रश्नाचं तो उत्तर देतो, आणि चोख देतो. त्या उत्तराला चारित्र्याचा दाखला आपण समजतो. ओळखीच्याला सूट आणि अनोळख्याला संशय, हे तर मशीनच्या आधीपासूनचं आहे. आमच्याकडे नवा भाडेकरू आला की त्याची कागदपत्रं तिघेजण मागतात. शेजारच्या घरात काय चाललंय, ते मात्र कुणी विचारत नाही, कारण ते 'आपले'.

सगळंच उघडून वाचता येणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण शेरा मारण्याआधी निदान ती एक फाईल तरी उघडावी, इतकं आता मी पाळतो.

त्या मुलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "चालतं सर, सवय आहे." नालासोपाऱ्यात भाड्याची खोली शोधतानाही त्याला हेच ऐकावं लागलं होतं.