सुधारणा सांगण्याचा धर्म

फॅमिली मेडिसिनमधील गुणवत्ता-सुधारणेचे काम व्यावसायिक परिषदांत मांडण्याची प्रथा आता जगभर रुळली आहे. अमेरिकेत १९६७ साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ फॅमिली मेडिसिन’ ही संस्था या विषयासाठी वेगळी परिषद भरवत आली आहे. कुणी पोस्टर लावतो, कुणी दहा मिनिटांचे भाषण करतो. या प्रथेमागे तीन तात्त्विक प्रश्न आहेत. उपयोगी गोष्ट ज्याला कळली, त्याच्यावर ती सांगण्याचे बंधन असते का? एका दवाखान्यात जे घडले, ते ज्ञान म्हणून इतरांपुढे ठेवता येते का? आणि ज्यांच्या आजारपणातून ते हाती आले, त्या रुग्णांचा त्यावर काय हक्क आहे?

गुणवत्ता-सुधारणा म्हणजे नवे औषध शोधणे नव्हे. योग्य म्हणून सिद्ध झालेला उपचार प्रत्येक रुग्णापर्यंत पोचतो का हे मोजायचे, आणि पोचत नसेल तर कामाची रीत बदलायची, एवढाच तिचा अर्थ. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासावेत, हे कोणत्याही फॅमिली डॉक्टरला सांगावे लागत नाही. पण बाहेर रांग लागलेली असते, रुग्ण बूट-मोजे काढत नाही, डॉक्टरही विसरतो आणि तपासणी राहून जाते. अशा दवाखान्यात एक छोटा बदल करून पाहता येतो. नर्सने रुग्णाला आत पाठवण्यापूर्वीच पादत्राणे काढायला लावायची आणि केसपेपरवर शिक्का मारायचा. आठवडाभर असे करून किती जणांचे पाय तपासले गेले ते मोजायचे आणि अडचण दिसली की रीत पुन्हा बदलायची. योजना, कृती, पडताळणी आणि दुरुस्ती या चक्राची मुळे वॉल्टर शूहार्ट यांनी १९२०च्या दशकात कारखानी उत्पादनाच्या गुणवत्तेवर केलेल्या कामात आहेत. एडवर्ड्स डेमिंग यांनी ते चक्र रुळवले. ही विचारपद्धती वैद्यकाने स्वीकारावी, असा आग्रह डोनाल्ड बर्विक यांनी १९८९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात धरला.

पहिला प्रश्न कर्तव्याचा. इग्नाझ सेमेलवाइस यांचे उदाहरण त्याला थेट भिडते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यांच्या विभागातील मातांचा मृत्युदर १८४७च्या एप्रिलमध्ये शेकडा १८च्या वर होता. डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर जूनमध्ये तो शेकडा दोनच्या आसपास आला. मित्रांनी ही बातमी पसरवली, पण सेमेलवाइस स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यकीय सभेपुढे बोलले ते १८५० साली, आणि त्यांचा ग्रंथ निघाला १८६१ साली. त्यांचे म्हणणे नाकारणाऱ्यांचा दोष मोठा होताच, पण सविस्तर पुरावा इतकी वर्षे लोकांपुढे न आल्याने विरोधकांचे फावले. दुसऱ्याचा जीव वाचू शकेल अशी गोष्ट ठाऊक असून ती सांगितली नाही, तर ते मौन निरुपद्रवी राहत नाही. वैद्याची विद्या आधीच्या वैद्यांनी आणि असंख्य रुग्णांनी घडवलेली असते. त्या ऋणातून हे बंधन येते.

बंधन मान्य केले तरी हेतूची शंका उरते. सुधारणेचे काम आता प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्र टिकवण्याचा भाग झाले आहे. सादरीकरणाने बायोडाटा वजनदार होतो. हेतू मिश्र असला म्हणून काम खोटे ठरत नाही, पण मिरवायचे असेल तर यशच निवडले जाते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी नेमके उलट केले. त्यांच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी स्वतः नोंदवून छापल्या. समव्यावसायिकांना हे रुचले नाही. तरीही प्रत्येक उपचाराचा अखेरचा परिणाम तपासून उघड करावा, हा त्यांचा आग्रह आज गुणवत्ता-सुधारणेचा पाया मानला जातो.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा, आणि तोच सर्वांत अवघड. भारतीय न्यायदर्शनात त्याची नेमकी चर्चा सापडते. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते. अग्नी दिसला की धूर असलाच पाहिजे, असे मात्र म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी ध्यानात न घेता काढलेला सामान्य नियम फसतो.

परिषदेत ऐकलेली सुधारणाही अशीच फसू शकते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या चेकलिस्टवर आधारलेला उपक्रम राबवला. शिरेतील नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग त्यानंतर झपाट्याने घटला आणि २००६ साली ते निष्कर्ष गाजले. इंग्लंडने २००९ ते २०११ या काळात तोच कार्यक्रम राबवला. संसर्ग तेथेही घटला, पण कार्यक्रम सुरू न झालेल्या विभागांतही तो घटतच होता. यश एकट्या चेकलिस्टचे नव्हते. विभागांचे आपसांतले जाळे, नियमित आकडेवारी आणि डॉक्टरला थांबवण्याची नर्सला मिळालेली मुभा या मिशिगनमधील उपाधी होत्या. म्हणूनच सुधारणेचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणारी ‘स्क्वायर’ मार्गदर्शक तत्त्वे (२००८, सुधारित २०१५) कामाच्या परिस्थितीचे वर्णन मागतात. पायांच्या तपासणीचे उदाहरण मांडायचे तर नर्स किती, रुग्ण किती, शिक्का मारणारी व्यक्ती रजेवर गेल्यावर काय झाले, हे सांगायलाच हवे. आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन आकडे पुरत नाहीत. आठवड्यामागून आठवडा काढलेला आलेख लागतो, कारण आकडे आपोआपही वरखाली होतात.

तिसरा प्रश्न रुग्णाचा. उपचार आणि संशोधन यांतील सीमारेषा अमेरिकेच्या १९७९च्या बेलमाँट अहवालाने आखली, पण सुधारणेचे काम त्या रेषेवरच उभे असते. मिशिगनचा उपक्रम म्हणजे मानवी संशोधन आहे, असे ठरवून अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी कार्यालयाने २००७च्या अखेरीस त्यावर आक्षेप घेतला आणि टीका झाल्यावर २००८ साली काम पुढे चालू ठेवायला मोकळीक दिली. फॅमिली डॉक्टरपुढे गोपनीयतेचा प्रश्न अधिक टोकदार असतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या खेड्यात सगळ्या गावाचा रक्तदाब मोजण्याचा प्रयत्न केला आणि १९९१ साली सहकाऱ्यांसह २५ वर्षांच्या कामाचा लेखाजोखा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. असे काम समूहाच्या आकड्यांत मांडता येते. पण लहान गावातील एखाद्या रुग्णाचे वय, व्यवसाय आणि दुर्मीळ आजार एवढे पडद्यावर दाखवले, तरी नाव न घेता तो ओळखू येतो.

उरते ती चर्चेची रीत. चरकसंहितेच्या विमानस्थानात समव्यावसायिकांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्नेहाने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. पहिलीत हरण्याची भीती बाळगू नये आणि दुसरा निरुत्तर झाला म्हणून हर्षही मानू नये, अशी अपेक्षा आहे. परिषदेने ही रीत पाळायची तर फसलेल्या प्रयोगांनाही सन्मानाची जागा द्यायला हवी, कारण एका दवाखान्यात फसलेली युक्ती दुसऱ्याचे श्रम वाचवते.

सुधारणा सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, पण ते सशर्त आहे. परिस्थिती, अपयश आणि रुग्णाची गोपनीयता या तिन्हींचा विचार करून केलेली मांडणीच ते कर्तव्य पुरे करते. यांतले एकही गाळले तर ते काम परिषदेत मांडण्यास तयार झालेले नाही, असेच समजावे.