बांधापलीकडचा हक्क

आमच्या उर्दू शाळेत मी 'झीरगी' शिकवत होते. मराठीत ज्याला परागीभवन म्हणतात तेच. एका मुलीने विचारले, "बाजी, मधमाशी कुणाच्या मालकीची असते?" मला त्या तासाला उत्तर देता आले नाही. अब्बांचे शेत आठवले.

अब्बांनी बियाण्यासाठी कांदा लावला होता. गोंडे फुलले, फुलकिडे दिसले, आणि त्यांनी भर सकाळी फवारणी केली. दुसऱ्या दिवशी बांधावर मधमाश्या मरून पडलेल्या होत्या. त्या हंगामात आमच्या गोंड्यांत बी भरले नाही. पण शेजारच्या चाचांनी काहीच फवारले नव्हते. त्यांचेही गोंडे पोकळच निघाले.

कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारे कुणीतरी लागते. काकडी, दुधी, कारल्यात तर नर-मादी फुलेच वेगळी असतात. सातेरी, फुलोरी, आग्या मोहोळाच्या माश्या हे काम बिनमजुरीने करतात. जगातील ७५ टक्क्यांहून अधिक प्रमुख अन्नपिके थोडीफार तरी अशा जीवांवर अवलंबून आहेत, असे २०१६ चा आंतरराष्ट्रीय अहवाल सांगतो. कुराणशरीफच्या सोळाव्या सूरेचे नावच 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी. आपण मात्र तिला मधापुरतीच आठवतो.

माझे शेत, माझे औषध, असे आपण म्हणतो. अब्बाही म्हणत. ते वाईट नव्हते. डोक्यावर कर्ज होते. पण माशीला बांध कळत नाही. ती एकाच्या शेतात मरते आणि दुसऱ्याच्या घरातली भाकर कमी होते.

चाचांना त्या नुकसानीचे कारण आजही ठाऊक नाही. ज्याला कारणच ठाऊक नाही, त्याचा आपल्यावर हक्क राहतो का? मला वाटते, राहतो. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. नमाज-रोज्यांनी ते फिटत नाहीत. ज्याचा हक्क, त्यानेच माफ करावा लागतो.

फुलोऱ्यात फवारणी टाळावी. टळतच नसेल, तर दिवस मावळून माश्या परतल्यावर करावी आणि शेजाऱ्याला आधी सांगावे. एवढे तरी आपल्या हातात आहे.

त्या मुलीला आता मी सांगेन, मधमाशी कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून ती सर्वांची अमानत आहे. अब्बा आज नाहीत. येत्या ईदला चाचांकडे जाऊन त्यांच्या वतीने मलाच माफी मागायची आहे.