मागचा कोण, पुढचा कोण?

सज्जनहो, अनेकांच्या हाताळणीतली एखादी वस्तू आपण पुसून घेतो, तेव्हा आपल्या मनात दोनपैकी एक प्रश्न असतो. एक, ‘माझ्या आधी इथे कोण होते?’ दुसरा, ‘माझ्यानंतर इथे कोण येणार आहे?’ फडके तेच, पाणी तेच, पुसणारा हातही तोच. पण पहिल्या प्रश्नाचा उगम भीतीत आहे आणि दुसऱ्याचा काळजीत. आज या दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे, आणि त्यासाठी दृष्टांत घ्यायचा आहे तो टेलिफोनचा.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. जगाला दूरच्या माणसाशी बोलण्याचे साधन मिळाले आणि जवळच्या माणसाच्या श्वासाची भीतीही त्याच सुमारास मिळाली.

त्या काळचा फोन आजच्यासारखा खिशातला नव्हता. युरोप-अमेरिकेत तो हॉटेलात, दुकानात, रेल्वे स्थानकावर, कचेरीत असे. एक फोन आणि वापरणारे शेकडो. बोलायचा भाग छोट्या कर्ण्यासारखा. आवाज नीट पोचावा म्हणून लोक त्यात अगदी तोंड घालून बोलत. श्वासाची वाफ आत जमे, थुंकीचे तुषार उडत, वास येई. आधीच्या माणसाला खोकला होता का, हे कळायला मार्ग नाही. मग शोधकांची बुद्धी कामाला लागली. कोणी सहज धुता येणारे काचेचे किंवा चिनी मातीचे कर्णे काढले. कोणी कर्ण्यावर कागदाची चकती बसवली. बोलून झाले की चकती फेकायची आणि पुढच्याने नवी घ्यायची. कोणी जंतुनाशकात भिजवलेली गादी बसवण्याची युक्ती काढली. इंग्लंडात तर फोन पुसून देणे हा स्वतंत्र धंदाच झाला. फोनोटास नावाच्या कंपनीच्या बायका ठरलेल्या दिवशी कचेरीत येत, प्रत्येक फोन पुसत, त्याला जंतुनाशक लावत आणि पुढच्या कचेरीकडे जात.

भीती किती खरी होती? १ जानेवारी १९१२ रोजी ब्रिटनमधील बहुतेक सारी टेलिफोन यंत्रणा तिथल्या पोस्ट खात्याकडे आली. त्याच वर्षी डॉ. स्पिट्टा या जंतुशास्त्रज्ञांनी खात्यासाठी तपास केला. क्षयाच्या रुग्णांनी वापरलेले फोनचे कर्णेही त्यांनी तपासले. निष्कर्ष असा निघाला की फोनच्या कर्ण्यातून क्षयाची लागण होणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. तरीही फोन पुसण्याचा धंदा त्यानंतर कित्येक दशके चालू राहिला. भीतीला अहवाल वाचता येत नाही, हे एक कारण. पण दुसरेही एक कारण आहे आणि ते चांगले आहे: स्वच्छ वस्तू हातात घ्यायला माणसाला बरे वाटते. आपल्याकडेही पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओच्या काळात रिसीव्हर कानाला लावण्याआधी तो रुमालाने पुसणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यात वाईट काही नव्हते.

आता येथे एक शंका येते. कोणी म्हणेल, महाराज, हेतूची एवढी चिकित्सा कशाला? जंतू काही हेतू विचारत नाही. भीतीने पुसले तरी तो मरतो, प्रेमाने पुसले तरी मरतो. मग पुसणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी आपल्याला काय करायचे?

शंका रास्त आहे. एका वेळच्या पुसण्यापुरते ते खरेच आहे. पण माणूस एकदा पुसून थांबत नाही, तो रीत घालतो. आणि भीती जी रीत घालते ती वेगळी, काळजी जी घालते ती वेगळी. शोधांकडेच पाहा. त्यांचे सरळ दोन वर्ग पडतात. काचेचा कर्णा फोनलाच जोडलेला असतो, तो धुतला की येणाऱ्या प्रत्येकासाठी धुतला जातो. उलट रिसीव्हरवर चढवायचे आपले आपले कव्हर पाहा. मी ते चढवले, बोललो, काढून खिशात घातले. माझे भागले. फोन होता तसाच राहिला आणि माझ्या मागून येणाऱ्याच्या वाट्याला तो तसाच गेला. पहिला शोध वस्तू स्वच्छ करतो, दुसरा फक्त मला वेगळा काढतो. आजारी माणसाला दुसराही शोध लागतो, त्याला दोष नाही. पण सगळे गाव दुसऱ्याच शोधावर चालायला लागले, तर फोन पुसायला कोणी उरत नाही.

आणि भीती इथेच थांबत नाही. ‘माझ्या आधी कोण होते’ असे एकदा विचारायला लागले की उत्तरात माणसाची जात, धंदा, कपडे, बोली सगळे यायला लागते. आपल्या देशाला हा आजार नवा नाही. आपल्या सोवळ्यात वस्तूवर काय लागले आहे हे पाहिले जात नसे, तिला कोण लागले आहे हे पाहिले जाई. रेशमी मुकटा न धुताही सोवळ्यात चाले आणि धुऊन वाळत घातलेले धोतर कुणाच्या नुसत्या सावलीने ओवळे होई. जंतुशास्त्राने खरे तर हे सारे उलटे केले. जंतू ‘कोण’ विचारत नाही, ‘काय’ एवढेच त्याला ठाऊक. राजाच्या थुंकीत तो असू शकतो आणि झाडूवाल्याच्या थुंकीत नसूही शकतो. या शास्त्राने आपले सोवळे त्याच दिवशी मोडायला हवे होते. झाले मात्र वेगळेच. जुन्या सोवळ्याने नव्या शास्त्राचे कपडे घातले आणि ‘विटाळ’ ऐवजी ‘हायजीन’ म्हणायला सुरुवात केली.

हे फार जुने नाही. महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आढळले आणि ते दुबईचा प्रवास करून आलेले होते. विषाणू विमानाने आला. पण पुढे अनेक गृहसंकुलांच्या फाटकावर अडवले गेले ते कुणाला? घरकाम करणाऱ्या बायकांना. साथीत येणे-जाणे कमी करणे योग्यच होते. पण जिथे घरच्या मंडळींचे बाहेर जाणे-येणे सुरू झाले आणि कामवाल्या ताईंना मात्र लिफ्ट बंद राहिली, तिथे प्रश्न ‘काय’ चा उरला नव्हता, ‘कोण’ चा झाला होता. ताईंचा वेगळा कप तर साथीच्या आधीही होता आणि अनेक घरांत आजही आहे. त्या कपाला कुठल्या प्रयोगशाळेचा आधार आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. भाविक माणूस कधी कधी उलट टोकाला जातो. माउलीचे नाव घेतले की काही होत नाही, तीर्थाला दोष नाही, असे म्हणतो. हे खरे नाही आणि आपल्या वारीनेच त्याची किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी येत आणि चालत आलेली माणसे परत घरी पोचत नसत. नाम मनाला शुद्ध करते, पण पाण्यातला जंतू मारायला पाणी उकळावे लागते. देवाने बुद्धी दिली ती वापरायला. आज निर्मलवारीत फिरती शौचालये पालखीबरोबर चालतात, ही भक्तीतली उणीव नाही, ती भक्तीच आहे. उघड्यावर बसून पुढच्या गावाचे पाणी नासवणारा वारकरी त्या गावाचा पाहुणा कसा म्हणवून घेईल?

म्हणून अंतर ठेवणे हे नेहमीच भीतीचे लक्षण नसते. २०२० साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. ज्यांचा अख्खा संप्रदाय स्पर्शावर उभा, ज्यांना पायावर डोके ठेवल्याशिवाय दर्शन पुरे वाटत नाही, भेटलेल्या प्रत्येकाला जे उराउरी कवटाळतात, त्या मंडळींनी घरी बसून वारी केली. वाखरीचे रिंगण नाही, चंद्रभागेचे स्नान नाही, पदस्पर्श नाही. हे अंतर कुणाच्या किळसेतून आले नव्हते. माझ्यामुळे दुसऱ्याला बाधा होऊ नये, यातून ते आले होते. आणि ते सगळ्यांना सारखे होते. खरी कसोटी इथे सापडते: जो नियम माझ्यावरही तेवढाच चालतो तो काळजीचा, आणि जो फक्त समोरच्यावर चालतो तो भीतीचा.

आता फडके ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे वळू. डग्लस अॅडम्स या इंग्रज विनोदी लेखकाने १९८० सालच्या ‘द रेस्टॉरंट अॅट द एंड ऑफ द युनिव्हर्स’ या कादंबरीत एका ग्रहाची कथा सांगितली आहे. तिथल्या शहाण्यांनी ठरवले की आपल्यातली एक तृतीयांश माणसे निरुपयोगी आहेत. त्यांत न्हावी होते, तसेच टेलिफोन पुसणारेही होते. ग्रह बुडणार अशी थाप मारून त्या सर्वांना जहाजात बसवून अंतराळात पाठवून दिले. उरलेले दोन तृतीयांश सुखात राहू लागले आणि मग एका घाणेरड्या टेलिफोनवरून पसरलेल्या रोगाने सगळेच्या सगळे मेले. लेखकाने थट्टा केली आहे, पण आपल्याकडच्या कीर्तनकाराला हा दृष्टांत सापडला असता तर त्याने सोडला नसता. ज्याच्या हातात फडके त्याला आपण हलका समजतो आणि आपला जीव त्याच्याच फडक्यावर टांगलेला असतो.

योगायोग असा की ज्या वर्षी टेलिफोनचे पेटंट झाले, त्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबा गावात शिरले की आधी खराटा चाले आणि रात्री कीर्तन. गाव कुणाचे, घाण कुणी केली, हे बाबांनी विचारले नाही. पंढरीत चोखामेळ्याच्या नावाने त्यांनी धर्मशाळा उभी केली. ज्याला मंदिराच्या पायरीपाशीच थांबावे लागले त्याच्या नावाचे ते घर. एका हातात खराटा आणि दुसऱ्या हाताने ज्यांना समाजाने बाहेर ठेवले त्यांच्यासाठी दार उघडणे, ही दोन कामे बाबांच्या ठिकाणी वेगळी नव्हती. स्वच्छता आणि विटाळ यांची गाठ सोडवायची कशी, हे त्यांनी पोथी न उघडता दाखवले.

शोधांकडूनही थोडे शिकण्यासारखे आहे. अलीकडे मोबाइल जंतुमुक्त करण्यासाठी अतिनील किरणांच्या पेट्या निघाल्या. त्यात मर्म असे की किरण जिथे पडतात तिथलाच जंतू मरतो. कव्हरच्या घडीत, कोपऱ्यात, सावलीत असलेला तसाच राहतो. पेटीत ठेवले म्हणजे झाले, असे नाही. वस्तू उलटून पाहावी लागते. मनाचेही तसेच. आणि अल्कोहोलची गंमत तर अधिकच. जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांच्या आसपासचे, पाणी मिसळलेले अल्कोहोल जंतू अधिक चांगले मारते. कारण अगदी शुद्ध असले की ते चटकन उडून जाते, पाण्याच्या संगतीने टिकते आणि आत शिरते. निव्वळ आपल्या शुद्धीत राहणारा उडून जातो. जो इतरांत मिसळतो, त्याच्याच हातून काम होते.

शेवटी एक साधी गोष्ट. दर्शनबारीत आपण उभे असतो तेव्हा आपल्या पुढे कोणीतरी असतो आणि मागेही कोणीतरी असतो. ज्याची मला शंका येते, तो माझ्या आधी येऊन गेलेला. पण माझ्या मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ‘आधी येऊन गेलेला’ मीच. बारीत असा एकही माणूस नाही जो फक्त नंतरचा आहे. ज्याला ‘आधी कोण होते’ याची धास्ती, तो आपणही कुणाच्या तरी आधीचे आहोत हे विसरलेला असतो. म्हणून फोन असो, नळाची तोटी असो, पाणपोईचा पेला असो की सार्वजनिक शौचालयाची कडी असो, जाताना पुसून जावे. येताना पुसणे हा सावधपणा आहे, तो हवाच. जाताना पुसणे हा धर्म आहे. तो कुणी पाहत नाही, त्याचे आभार कुणी मानत नाही, आणि पुढे येणारा कोण असेल हे आपल्याला कधी कळतही नाही. न कळलेल्या त्या माणसासाठी केलेले काम विठोबाला पोचते, एवढा भरवसा आपण वारकऱ्यांनी ठेवायला हरकत नाही.

रामकृष्णहरी.