मिशनांचा संगणक आणि सान्निध्याचा प्रश्न

ख्रिस्ती मिशनांनी संगणक आणि इंटरनेट कसे वापरले हे समजून घ्यायचे, तर आधी छापखान्याकडे पाहावे लागते. संदेश लोकांच्या स्वतःच्या भाषेत त्यांच्यापर्यंत कसा न्यायचा, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा तांत्रिक झाला. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांची इच्छा होती, की इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण सांगितली : युरोपात चोवीस साच्यांवर भागते, इथे सहाशे लागतील. अक्षराला काना, मात्रा, वेलांटी लागली की रूप बदलते, आणि जोडाक्षरांचा पसारा वेगळाच. छपाईसाठी लागणारे ते देवनागरी खिळे काही पडले नाहीत. १६१६ मध्ये त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. १८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूर मिशनच्या छापखान्यात विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळे वापरून छापले गेले, तोवर जवळपास दोनशे वर्षे लोटली होती.

पहिली वाट अभ्यासाची. विसाव्या शतकात संगणकाकडे अगदी सुरुवातीला वळलेला धर्मगुरू मात्र संदेश पाठवायला निघाला नव्हता. त्याला एक कल्पना नीट समजून घ्यायची होती. इटलीतले जेझुइट फादर रॉबेर्तो बूसा हे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातल्या ‘सान्निध्य’ या कल्पनेचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आले, की ही कल्पना मोठ्या पारिभाषिक शब्दांपेक्षा लॅटिनमधल्या ‘इन’ या छोट्या अव्ययात, म्हणजे आपल्या ‘आत’ आणि ‘मध्ये’त, अधिक दडलेली आहे. ‘इन’ असलेली वाक्ये त्यांनी हाताने दहा हजार कार्डांवर उतरवली. उरलेले काम माणसाच्या हाताने होणारे नाही, हे उघड होते. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. पुढे इटलीतल्या गॅलाराटे गावातल्या केंद्रात तरुण मुली एकेक शब्द छिद्रांच्या भाषेत कार्डावर उतरवू लागल्या आणि यंत्रे ती कार्डे वर्णानुक्रमे लावू लागली. अक्वायनस यांच्या लेखनातल्या एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूची १९७०च्या दशकापासून छापली जाऊ लागली आणि ५६ खंडांत पूर्ण झाली. २००५ मध्ये ती इंटरनेटवर आली. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या ग्रंथाभ्यासाची सुरुवात अनेक अभ्यासक बूसांपासूनच मानतात.

दुसरी वाट भाषांतराची. १९३४ मध्ये अमेरिकन मिशनरी कॅमेरॉन टाउनसेंड यांनी सुरू केलेल्या भाषाशास्त्राच्या उन्हाळी वर्गातून एसआयएल ही संस्था उभी राहिली. तिचे कार्यकर्ते कधीच न लिहिल्या गेलेल्या भाषांमध्ये बायबल नेण्यासाठी आधी त्या भाषांचे ध्वनी, व्याकरण आणि शब्द नोंदवत. संगणक आल्यावर स्टीफन्सना पडलेला पेच पुन्हा समोर उभा राहिला. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ उच्चारला जातो, पण वेलांटी त्याच्या अलीकडे बसते. केवळ रोमन अक्षरांसाठी घडलेल्या यंत्राला हे शिकवावे लागते. एसआयएलने अशा लिपींसाठी प्रणाली आणि फॉन्ट तयार केले. २००५ मध्ये तिने फॉन्टसाठी एक खुला परवानाही आणला. त्याखालचा फॉन्ट कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. फक्त तो सुटा विकू नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली उपलब्ध आहेत. मिशनच्या गरजेतून निघालेली ही सोय आज कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही मताच्या मराठी मजकुराला उपयोगी पडते. ही देणगी मोठी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

त्याच कामाची दुसरी बाजूही गंभीर आहे. भाषा नोंदवणे आणि धर्मप्रसार करणे ही दोन कामे एकाच हाताने व्हावीत का, यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये दीर्घ वाद आहे. लहान समाजाने आपले शब्द आणि आपल्या कथा विश्वासाने सांगितल्या, तर त्यांच्या नोंदींच्या साठ्यावर पहिला हक्क त्या समाजाचा राहिला पाहिजे.

तिसरी वाट वितरणाची. रेडिओप्रमाणेच इंटरनेटही आधी केवळ वाहन मानले गेले. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५च्या नाताळात सुरू झाले. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओशनियातील चर्चसाठीचा दस्तऐवज ई-मेलने धाडला. जुलै २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधील लाइफ चर्चने ‘यूव्हर्जन’ हे बायबलचे मोफत ॲप आणले. २०२१ पर्यंत ते पन्नास कोटींहून अधिक उपकरणांवर उतरवले गेले होते. छापील प्रत कपाटात राहते. ॲप मात्र वाचकाने काय वाचले, कुठे खूण केली, हेही नोंदवू शकते. त्यामुळे श्रद्धेइतक्या खाजगी गोष्टीची माहिती कोणाकडे जाते, हा प्रश्न वाहनाबरोबरच आला.

इंटरनेट हे वाहन की ठिकाण, हा विचार पुढे स्पष्ट होत गेला. २००२ मध्ये व्हॅटिकनने इंटरनेटविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात त्याचे स्वागत केले, पण इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, नाहीत, असेही बजावले. भाकर आणि द्राक्षरस, पाणी, तेल, माणसाचा हात या गोष्टी पडद्यातून मिळत नाहीत. २०२० मध्ये कोविडच्या साथीत या भूमिकेची परीक्षा झाली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर्स चौकात प्रार्थनेला उभे राहिले आणि जगाने ते घरात बसून पाहिले. मुंबई-गोव्यासह जगभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, यूट्यूबवर आली. आजारी आणि दूरच्या माणसांना तिचा खरा आधार झाला. तरीही भाकर हाती पडत नाही, ही उणीव अनेकांना जाणवली. २०२३ मध्ये व्हॅटिकनने समाजमाध्यमांवर केलेल्या चिंतनाच्या मथळ्यातच पूर्ण सान्निध्याची दिशा होती आणि त्याचा आधार होता वाटेवर जखमी पडलेल्या माणसाजवळ थांबणाऱ्या शोमरोन्याचा बायबलमधला दाखला. बूसांनी ज्या कल्पनेसाठी दहा हजार कार्डे लिहिली, तीच कल्पना अशी पुन्हा मध्यभागी आली.

हेच सान्निध्य भाषांतरातही लागते. आता बायबलच्या भाषांतराचा पहिला कच्चा खर्डा कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही घेतला जातो. तरीही खर्डा तयार झाला की भाषांतरकार ती भाषा बोलणाऱ्या माणसांसमोर बसतात, उतारा मोठ्याने वाचतात आणि काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावतात. ऐकणारा अडखळला, की वाक्य बदलले जाते.