मुक्काम आणि घर

वाचकहो, पायी वारी केलेल्यास मुक्काम म्हणजे काय हे सांगावयास नको. आळंदी सोडल्यापासून पंढरी गाठेपर्यंत अठरा-वीस रात्री आपण कोठे राहुटीत, कोठे शाळेच्या पडवीत, कोठे एखाद्या पुण्यवंताच्या ओसरीवर अंग टाकतो. गाठोडे उशाला, चपला गाठोड्याखाली. पाऊस आला की उठून बसायचे, पहाटे कोणी हलवले की निघायचे. त्याचे दुःख तर होत नाहीच, उलट गोडी वाटते. का वाटते बरे? पांडुरंगाची ओढ, हे तर खरेच. पण आणखीही एक कारण आहे आणि ते आपण कधी बोलून दाखवीत नाही. काला झाला की आपल्याला परत जायला घर आहे. तेथे कोणी वाट पाहत आहे, दाराला आपले कुलूप आहे.

काल्यानंतरही ज्याचा मुक्काम संपत नाही, त्याचे काय?

आमच्या धर्मशाळेत तीन दिवसांचा नियम आहे. नियम चांगला आहे. तो नसता तर यात्रेच्या दिवसांत कोणालाच जागा मिळाली नसती. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ पुन्हा पुन्हा येऊ लागले. तीन दिवस राहायचे, चौथ्या दिवशी समोरच्या दुकानाच्या फळीखाली, महिन्याने पुन्हा आमच्या दारात. जेवण द्यायचो, घोंगडी द्यायचो. तोंडाला वास यायचा. एकदा आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "बाबा, आधी ही दारू सोडा, मग बघू तुमच्या जागेचं." ते म्हणाले, "बुवा, उघड्यावर झोप लागत नाही, म्हणून तर घेतो." आमच्यापाशी उत्तर नव्हते. कीर्तनाची वेळ झाली होती, ती सबब पुरली.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात आहे. माणूस आधी सुधारावा आणि मग त्याला घर द्यावे, की आधी घर द्यावे आणि सुधारण्याचे पुढे त्याचे त्याने पाहावे? जगात बहुतेक ठिकाणी पहिलीच रीत चालत आली. आधी निवारा, मग व्यसनमुक्ती, मग शिस्तीची परीक्षा, आणि सगळ्या पायऱ्या चढून गेलास तर शेवटी खोली. बिचारा मधल्याच पायरीवरून घसरायचा आणि पुन्हा रस्त्यावर यायचा. न्यूयॉर्क शहरात १९९२ साली सॅम सेंबेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही शिडीच उलटी केली. वर्षानुवर्षे रस्त्यावर असलेल्या, मन बिघडलेल्या माणसांना त्याने आधी घराची किल्ली दिली आणि औषधोपचाराचे पुढे त्यांच्या कलाने घेतले.

पुढे फिनलंड या देशाने २००८ पासून हेच सरकारी धोरण केले. तेथली थंडी अशी, की उघड्यावर झोपलेला माणूस सकाळी उठेलच याची खात्री नाही. राजधानी हेलसिंकीत मुक्तिफौजेचे एक मोठे आश्रयगृह होते, अडीचशेच्या आसपास खाटांचे. ते मोडून त्याच इमारतीत ८१ स्वतंत्र घरे केली. जो राहील त्याच्या नावाचा भाडेकरार, त्याच्या हाती किल्ली. भाडे तो देतो. जवळ नसेल तर सरकारी मदतीतून देतो. मदतीला सेवक त्याच इमारतीत असतात, पण दारू सोडलीस तरच राहशील अशी अट नाही. १९८५ साली त्या शहरात अशा आश्रयगृहांच्या दोन हजारांहून अधिक खाटा होत्या. २०१६ पर्यंत त्या पन्नासाच्या घरात आल्या. एका शहराने आपल्या धर्मशाळा आपण होऊन बंद केल्या, कारण त्यांत येणाऱ्याला घर मिळाले होते. आम्हां धर्मशाळावाल्यांना हे वाचून प्रथम जरा चमत्कारिकच वाटले, हे कबूल करतो.

घर मिळाले म्हणून दारू सुटली काय? खरे सांगायचे तर, तसे काही सरसकट दिसले नाही. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर माणसांवर हे पडताळून पाहिले. ज्यांना आधी घर दिले, त्यांचे घर इतरांपेक्षा कितीतरी अधिक टिकले. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची माणसे साधारण सारखीच राहिली. आणि हे काम एकदा करून सोडून देण्याचे नव्हे. फिनलंडमध्येच भाड्याच्या मदतीला कात्री लागली त्या सुमारास, २०२४ साली, कितीतरी वर्षांनी बेघरांची संख्या पुन्हा वाढली.

कोणी म्हणेल, कष्टाळू हमाल पै पै जोडून खोलीचे भाडे भरतो, त्याला कोणी घर देत नाही. मग पिणाऱ्याला का? प्रश्न रास्त आहे. पण हमालाची अडचण भाड्याची आहे. तिलाही उत्तर हवेच. रस्त्यावरच्याची अडचण अशी, की पत्ता नाही म्हणून रेशनकार्डाला अडते; कागद जवळ ठेवावा तर तो भिजतो, नाही तर चोरीला जातो; दवाखान्याने दिलेली गोळी ठेवायला कोनाडा नाही. त्याला आम्ही म्हणतो, आधी नीट हो. नीट कशावर उभे राहून व्हायचे? वीट तरी पायाखाली पाहिजे ना!

दुसरे कोणी म्हणेल, संतांनी तर घरदार सोडले, मग घराचे एवढे कौतुक कशाला? अहो, घर सोडणे वेगळे आणि घर सुटणे वेगळे. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले ते आपल्या मर्जीने. आणि मग नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. ज्याचे कधी नव्हतेच, किंवा होते ते गेले, त्याला आपण वैराग्य कसे शिकवणार?

आणि वाचकहो, आमचीही एक गोष्ट झाकून ठेवत नाही. रोज भाकरी वाढताना आम्हांला बरे वाटते. तो हात पसरतो, आपण देतो, पुण्य पदरी पडते. त्याने स्वतःच्या चुलीवर स्वतःची भाकरी थापली तर तो आपल्या दारी येणार नाही. कदाचित रामराम करील, कदाचित तेही नाही. घर देताना आपले हे सुख जाते, आणि ते सोडायला जीव कचरतो. रोजचे अन्नदान सोपे का आणि एकदाचे घर कठीण का, याचे अर्धे उत्तर पैशात आहे. उरलेले अर्धे येथे आहे असा आमचा संशय आहे.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर मोजली गेली. जी मोजणाऱ्याला सापडली नाहीत ती वेगळीच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा, तोही बारमाही आणि दिवसरात्र उघडा, असे फर्मावले. ठीकच झाले, थंडी-पावसात जीव वाचतो. पण निवारा हाही मुक्कामच.

आमच्या धर्मशाळेच्या मागे दोन खोल्या आहेत. त्यांत मोठी पातेली, सतरंज्या आणि मोडका ध्वनिक्षेपक पडलेला आहे. त्या रिकाम्या करून दोघांना कायमच्या द्याव्यात, नावाचा कागद करून द्यावा, भाडे म्हणून जमेल ते घ्यावे, असा विषय आम्ही बैठकीत मांडला. एक वडीलधारे विश्वस्त म्हणाले, "उद्या त्याने आतच प्यायला सुरुवात केली, तर?" दुसरे म्हणाले, "आपणही आपल्या घरात काय काय करतो, ते कोण विचारायला येतं?" पुष्कळ बोलणे झाले, ठराव काही झाला नाही. विषय कार्तिकीनंतरच्या बैठकीपुढे ठेवला आहे. पातेली कोठे हलवायची, एवढे मात्र ठरले. ते वृद्ध गृहस्थ यंदा आषाढीपासून दिसलेले नाहीत. फळीखाली दोनदा जाऊन पाहिले.