पाणी कुठून येतं?

इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी 1784च्या डिसेंबरात, अगदी शेवटच्या दिवसांत, सुजलेल्या पायांतलं पाणी निघून जावं म्हणून स्वतःच त्यांवर चिरा पाडल्या. तो वेडेपणा नव्हता. तेव्हाच्या वैद्यकात अंगात साठणारं पाणी हाच रोग होता. आपल्या चरकसंहितेतही सूज आणि उदररोग यांना वेगळे अध्याय आहेत; हृद्रोगाचा विचार निराळ्या जागी.

रक्त हृदयामुळे शरीरभर फिरतं हे हार्वेने 1628 सालीच दाखवलं होतं. पण विल्यम विदरिंगने 1785 साली डिजिटालिसवर पुस्तक लिहिलं तेही मुख्यतः सूज उतरवणारं औषध म्हणून. त्याचा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो हे त्याने टिपलं, पण सुजेचं मूळ तिथे आहे असं काही तो ठामपणे म्हणाला नाही. पुढे 1827 मध्ये रिचर्ड ब्राइटने सुजेच्या काही रुग्णांत मूत्रपिंडं बिघडलेली दाखवली आणि एकच समजल्या जाणाऱ्या रोगाची फोड सुरू झाली.

जेम्स होपने 1832 मध्ये मांडलेली कल्पना अजूनही दवाखान्यात उपयोगी पडते: हृदयाचा जो कप्पा दमतो, त्याच्या मागे रक्त तुंबतं. डावा दमला की फुप्फुसात. म्हणून जिना चढताना धाप लागते, आडवं झालं की जीव घाबरतो, रात्री दम कोंडून जाग येते. रोगी किती उशा घेऊन झोपतो हे डॉक्टर विचारतात ते यासाठीच. उजवा दमला की मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढतं, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो. हृदय असं कमी पडणं म्हणजेच हार्ट फेल्युअर. त्याची कारणं अनेक: हार्ट अटॅकने मेलेला स्नायू, वर्षानुवर्षांचं ब्लड प्रेशर, आणि आपल्याकडे अजूनही, लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा.

चित्र सुबक होतं, पण अपुरं. वॉरेन आणि स्टेड यांनी 1944 मध्ये दाखवलं की काही रुग्णांत शिरांमधला दाब वाढण्याआधीच वजन वाढतं. म्हणजे पाणी नुसतं तुंबत नाही. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तपुरवठा घटला की शरीराला रक्तस्राव झाल्यासारखंच वाटतं. मग ते नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, पाणी साठवतं. जखमी माणसाला तास-दोन तास वाचवणारी ही युक्ती महिनोन्‌महिने चालली तर हृदयालाच खाते.

मला या इतिहासातला सर्वांत मोठा पालट हाच वाटतो: बचाव हाच आजाराचा भाग ठरला. तोवरचा बराचसा उपचार थकलेल्या बैलाला चाबूक मारण्याचा होता. बीटा ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते वर्ज्य होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये अवघ्या सात रुग्णांवर ते वापरून सुधारणा नोंदवली. फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि सात रुग्णांवर का ठेवावा?

दरम्यान 1987 मध्ये, रक्तवाहिन्या आवळणारी साखळी तोडणाऱ्या एनॅलाप्रिलने अतिगंभीर रुग्णांतले सहा महिन्यांतले मृत्यू 44 टक्क्यांवरून 26वर आणले. आणि 1999 साली दोन मोठ्या चाचण्यांत बीटा ब्लॉकरने मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटवले. वर्ज्य औषध मुख्य औषध झालं. मात्र ते अगदी थोड्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवावं लागतं. पहिल्या आठवड्यांत थकवा वाढूही शकतो, आणि तेवढ्यावरून गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात.

तरीही हिशेब पुरा होत नाही. जवळपास निम्म्या रुग्णांचं हृदय नीट आकुंचन पावतं, सैलावत मात्र नाही. या औषधांचा त्यांना तसा लाभ दिसला नाही. 2021 मध्ये त्यांच्यात हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण कमी केलं ते एम्पाग्लिफ्लोझिनने. हे औषध मधुमेहासाठी बनलेलं, काम करतं मूत्रपिंडात, आणि हृदयाला नेमकं कसं मदत करतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.